तिरोडकरांची मढी

विरारजवळ बोळिंजच्या श्रीकृपा सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे चंद्रहास तिरोडकर यांना आयुष्यात कधी काही टाकता आलं नाही. छत्रीच्या काड्या मोडल्या, तर दांडा चांगला आहे म्हणून छत्री माळ्यावर जायची. जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायऱ्या उतरताना उजवी चप्पल हरवली, तर डावी त्यांनी घरी आणली, धुतली आणि पेपरात गुंडाळून ठेवली. उद्या उजवी सापडली तर? लग्नात आलेल्या मिक्सरची मोटर कधीच जळून गेली होती, पण तोही ओट्याखाली बसून होता. “भांडी शाबूत आहेत ना,” असं तिरोडकर म्हणायचे. त्या भांड्यांना बसेल असा दुसरा मिक्सर जगात नव्हता, ही गोष्ट वेगळी.

त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई बरोबर उलट. साडी जरा विटली की बोहारणीला, डबा जरा पोचला की भंगारात. “टाकून द्या हो एकदाचं!” हे वाक्य त्या घरात देवाच्या आरतीपेक्षा जास्त वेळा म्हटलं गेलं असेल. तिरोडकर ते आरतीसारखंच ऐकायचे, म्हणजे हात जोडून आणि लक्ष दुसरीकडे ठेवून.

या स्वभावाने त्यांना पत्त्यांतही कधी यश दिलं नाही. मुंबईत बँकेत असताना जेवणाच्या सुट्टीत रमीचा डाव पडायचा. रमीत एक पान उचललं की एक टाकावं लागतं, आणि इथेच तिरोडकरांचं घोडं पेंड खायचं. दुर्री टाकायलासुद्धा त्यांना जड जायचं. बाकीचे डाव लावून हात धुवून येईपर्यंत हे आपले हातातल्या पानांकडे बघत बसलेले. पुढे बँकेनेच एक दिवस माणसं कमी करायला काढली आणि तिरोडकरांना मुदतीच्या आधी घरी पाठवलं. बँकेला टाकायला काही जड गेलं नाही.

त्या शेवटच्या दिवशी साहेबांनी गुच्छ दिला, सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे कामाला लागले. दारावरचे रखवालदार जाधव तेवढे तिरोडकरांची पिशवी उचलून स्टेशनपर्यंत आले. जाधवांना समोरचा एकच दात होता, आणि तो दाखवत ते म्हणाले, “तिरोडकरसाहेब, येत जावा.” तिरोडकर पुन्हा कधी गेले नाहीत. पण त्या पिशवीची गोष्ट ते कितीदा तरी सांगायचे.

मग रिकामपण आलं. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी सोसायटीच्या टाकीत पाणी किती आहे ते बघणं. अशी पाच वर्षं गेली. दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स काढायला म्हणून ते वसईत आलोशियस लोपीसच्या दुकानात गेले. दुकानात वह्या, वाढदिवसाच्या टोप्या, झेरॉक्स असं सगळं होतं, आणि मागच्या बाजूला एका टेबलाभोवती कॉलेजातली पोरं ‘टेन गेट्स’ नावाचा पत्त्यांचा खेळ खेळत होती. आलोशियस तिशीतला, खेळाचा वेडा. पत्ते मुंबईहून मागवून पाकिटांतून विकायचा. पाकिटात काय निघेल ते नशिबावर.

खेळ तसा सोपा होता. प्रत्येकाने आपल्याजवळच्या पत्त्यांतून साठ निवडून आपला डेक बांधायचा. प्रत्येकाचा एक राजा. पत्त्यांतले सैनिक सोडून समोरच्याच्या राजाचे प्राण संपवायचे. काही पत्ते दिव्यांचे, ते लावल्याशिवाय कोणी हलत नाही. मेलेले आणि टाकलेले पत्ते बाजूच्या ढिगात जातात. त्या ढिगाला पोरं ‘ग्रेव्हयार्ड’ म्हणायची. तिरोडकरांनी लगेच त्याचं ‘मसणवटा’ करून टाकलं.

ते उभ्या उभ्या बघत होते. मितेश नावाच्या पोराने एक पत्ता हातातून टाकला. पत्त्यावर कुजक्या अंगाचा, डोळे खोल गेलेला एक इसम होता.

“हा का टाकलास?” तिरोडकरांना राहवेना.

“झॉम्बी आहे काका. फालतू. एका फटक्यात मरतो.”

“मग उपयोग काय त्याचा?”

“दोन दिवे लावले की मसणवट्यातून परत येतो,” आलोशियस काउंटरवरून म्हणाला. “पन कोन एवढी मेहनत करनार?”

तिरोडकरांनी झेरॉक्स तिथेच ठेवली. टाकलेलं परत येतं! असा खेळ जगात आहे आणि आपण आयुष्यभर रमीत मार खात बसलो! त्यांनी तिथल्या तिथे एक पाकीट घेतलं. नवख्याचं नशीब म्हणा, त्यात सोनेरी चमकीचा ड्रॅगन निघाला. पोरं डाव सोडून भोवती जमली. तिरोडकरांनी तो ड्रॅगन मितेशपुढे धरला आणि म्हणाले, “तुझी सगळी झॉम्बी दे.”

“सगळे? ड्रॅगनच्या बदल्यात?” मितेशला वाटलं काका चेष्टा करतायत. मग त्याने घाईघाईने खिसे रिकामे केले, न जाणो काकांचं मन बदललं तर.

तेव्हापासून वसईतल्या साऱ्या झॉम्बींना तिरोडकर हा एकच आसरा राहिला. ज्याला नको तो आणून द्यायचा. पावसाळाभर ते डेक बांधत होते. नुसती झॉम्बी जमवून भागत नाही. त्यांना उठवायला मांत्रिक लागतात, दिवे लागतात, शत्रूला थोपवायला एखादी विहीर लागते. पत्ते साठच ठेवायचे, म्हणजे एक आत घेतला की एक बाहेर काढायचा, आणि ते त्यांना जमता जमेना. मग त्यांनी युक्ती काढली. बाहेर काढलेल्या पत्त्यांना ‘रजेवर’ असं नाव दिलं आणि ते वेगळ्या डब्यात ठेवले. प्रत्येक झॉम्बीला त्यांनी बँकेतल्या कोणाचं ना कोणाचं नाव दिलं होतं. फाटकाशी भाला घेऊन उभा असलेला, तोंडात एकच दात असलेला जो होता, तो अर्थात जाधव.

हे सगळं सरोजिनीबाईंपासून लपून राहणं शक्यच नव्हतं. पितृपंधरवडा चालू होता. खिरीसाठी वेलची शोधताना त्यांच्या हाती श्रीखंडाचा डबा लागला. उघडून बघतात तर वरच जाधव.

बाई चिडल्या की कोकणातली भाषा वर यायची. “अहो! ह्यां काय?”

“डेक आहे,” तिरोडकर म्हणाले.

“हा मेलेला आहे ना?”

“मेलाय. पण उठतो.”

“उठतो म्हणजे?”

“दोन दिवे लावले की.”

सरोजिनीबाईंनी डबा दाणकन ओट्यावर ठेवला. “पितरांच्या दिवसांत माझ्या घरात दिवे लावून मढी उठवताय? आणि मी म्हणते, या महिन्यात दोनदा दूध कसं नासलं! गिझर कसा गेला! लाइट रोज चार-चार तास कशी जाते!”

“लाइट अख्ख्या तालुक्याची जाते गं.”

“अख्ख्या तालुक्यात मढी कोणी आणली? तुम्हीच ना?”

शेजारच्या हंसाबेन आपली वाटी परत न्यायला आल्या, पत्ता बघून ‘जय श्रीकृष्ण’ म्हणाल्या आणि वाटी न घेताच परत गेल्या. शेवटी बऱ्याच वादावादीनंतर पैज ठरली. दसऱ्यानंतरच्या रविवारी आलोशियसने वसईत स्पर्धा ठेवली होती. तीत पहिला नंबर आला तर मढी घरात राहतील. नाही आला, तर त्याच संध्याकाळी अर्नाळ्याला जाऊन डबा समुद्रात सोडायचा. रजेवरच्यांसकट.

“तुमच्या हाताने,” सरोजिनीबाईंनी बजावलं.

तिरोडकर हो म्हणाले खरे, पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. आजवर ज्याने एक चप्पल टाकली नाही, त्याने अख्खं गणगोत समुद्रात सोडायचं. आणि पहिल्या नंबराचं म्हणाल, तर शाळेपासून आजतागायत तो त्यांच्या वाटेला कधी गेला नव्हता.

मग दसरा आला. त्या घरात दसऱ्याला पाट मांडून सगळ्यांच्या हत्यारांची पूजा व्हायची. सरोजिनीबाईंचं शिलाई मशीन, कात्री, विळी. आणि तिरोडकरांचं बँकेतलं पेन. नोकरी सुटली त्या वर्षी बाईंनी पेन मागितलं, तर ते म्हणाले होते, “कशाला? आता सही कुठे करायचीय मला?” तेव्हापासून पाटाचा उजवा कोपरा रिकामा राहायचा. बाई तिथे एखादं फूल ठेवून द्यायच्या.

यंदा बाईंनी पाट मांडला, रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं, हातातल्या फुलाकडे बघितलं. तिरोडकर तोरणासाठी आंब्याची पानं आणायला खाली गेले होते. बाई उठल्या आणि श्रीखंडाचा डबा घेऊन आल्या.

तिरोडकर परत आले तेव्हा डबा पाटावर, झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडू. ते म्हणाले, “पानं जरा लहानच मिळाली.” अशा वेळी माणूस पानांबद्दलच बोलतो. पूजेतला डबा आता रणातच उघडायचा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, आणि रविवारपर्यंत त्याला हातसुद्धा लावला नाही. घोटाळा झाला तो इथे.

रविवारी दोघं वसईला गेली. बाईंना बाजारातून सुकट घ्यायची होती, नवरात्र संपलं होतं. ती घेऊन त्या स्पर्धेच्या हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर येऊन बसल्या, पिशवी मांडीवर. थोड्याच वेळात वास पसरला. पोरं एकमेकांना सांगू लागली, काकांच्या झॉम्बी डेकला खरंच वास येतो. दोघांनी खिडक्या उघडल्या.

तिरोडकरांनी पहिल्या डावासाठी डबा उघडला, पत्ते पिसले आणि उपडे ठेवले. समोरचा पोरगा बघतच राहिला. “आलोशियस अंकल, जरा या ना इकडे.”

काही पत्त्यांच्या पाठीवर मधोमध हळदीचं बोट आणि कुंकवाचं बोट होतं. काहींची पाठ कोरी. आलोशियसने एकेक पत्ता उलटून पाहिला. कुंकू लावलेले निघाले मांत्रिक, दिवे, विहिरी. कोरे निघाले ते सगळे झॉम्बी.

“काका, असं नाही चालनार,” तो अगदी वाईट वाटून म्हणाला. “पाठी सगळ्या सेम पाहिजेत. हे तर मागून कळते, कुठे झॉम्बी आहे ते. पत्त्यांना घालायची रंगीत कव्हरं असती तर घातली असती, पन ती संपली. काका, तुम्ही बाद.”

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. चीटिंग, चीटिंग. बँकेत आयुष्य काढून एका रुपयाची अफरातफर न केलेला माणूस, कानापर्यंत लाल झाला. त्याने वळून बायकोकडे पाहिलं.

सरोजिनीबाई पिशवीसकट पुढे आल्या. “मी लावलं,” त्या म्हणाल्या. “पूजा करायची तर एकेकाला लावायला नको? वरवर झाकणाला लावून काय होतंय! चित्रं खराब होतील म्हणून मुद्दाम मागे लावलं.”

“पण मग सगळ्यांना का नाही लावलंस?” तिरोडकरांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

“मेलेल्यांना कुंकू लावतात का दसऱ्याला? काहीतरीच! एकेकाचं तोंड बघून मेलेले बाजूला काढले मी. अर्धा तास गेला माझा.”

तिरोडकरांना रागवायचं होतं, पण जमेना. ही बाई, जिला या मढ्यांचं तोंड बघायचं नव्हतं, ती अर्धा तास एकेकाचं तोंड बघत बसली होती.

“का केलंस गं एवढं?”

“पाटावर तुमची जागा रिकामी दिसायची,” बाई म्हणाल्या. “मला ते बघवायचं नाही. पाच वर्षं झाली.”

आलोशियस नियमांच्या चोपडीत डोकं घालून उभा होता, कारण त्यालाही कुठे बघावं ते कळत नव्हतं. बाईंनी त्याला विचारलं, “सगळ्या पाठी सारख्या पाहिजेत, एवढंच ना?”

“हो आँटी. एवढंच.”

बाईंनी पर्स उघडली. नवरात्रात जीवदानीची ओटी भरली तेव्हा मिळालेली हळदीकुंकवाची पुडी अजून आत होती. पाण्याच्या बाटलीच्या झाकणात त्यांनी हळद कालवली, कुंकू कालवलं आणि खुर्ची ओढून बसल्या. पहिलं मढं समोर घेऊन क्षणभर थांबल्या. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या, बहुतेक देवीची माफी मागितली असावी. आणि मग दरवर्षी संक्रांतीला अख्ख्या सोसायटीतल्या बायकांना हळदीकुंकू लावणारा तो हात चालू झाला. हळद, कुंकू. हळद, कुंकू. बरोबर मधोमध, बरोबर तेवढंच. तिरोडकर शेजारी बसून एकेक पत्ता पेपराच्या वाऱ्याने वाळवत होते. महागाचे पत्ते असे रंगताना बघून पोरं हळहळत होती, पण तोंड उघडायची कोणाची छाती झाली नाही.

आलोशियसने सगळे पत्ते उपडे पसरून, चष्मा वर करून तपासले. “राखेच्या बुधवारी फादर आमच्या कपाळाला राखेचं बोट लावतात, तेव्हापन इतकं सेम नाही लागत,” तो म्हणाला. “खेळा काका.”

आणि तिरोडकर असे खेळले की ज्याचं नाव ते. त्यांची मढी मरायची, उठायची, पुन्हा मरायची, पुन्हा उठायची. समोरच्याला वाटायचं आपण जिंकतोय, आणि मग मसणवट्यातून अख्खी बँक उठून यायची. एका पोराने तर कंटाळून हार मानली. “काका, हे लोक संपतच नाहीत!”

अंतिम डावात समोर मितेश. त्याच्याकडे तोच सोनेरी ड्रॅगन. डाव इतका चढला की दोन्ही राजे शेवटच्या घटका मोजू लागले. पुढच्या पाळीला ड्रॅगन आग ओकणार आणि तिरोडकरांचा राजा जाणार, हे नक्की होतं. पाळी तिरोडकरांची. त्यांनी पत्ता ओढला आणि हॉल उठून उभा राहिला. ‘अखेरचा सौदा’ नावाचं पान होतं ते. आपला एक सैनिक खेळातून कायमचा काढायचा, मसणवट्यातही ठेवायचा नाही, आणि त्याचं सगळं बळ समोरच्या राजावर पडतं. मितेशचा राजा त्यात खलास होत होता. पण तेवढं बळ एकाच सैनिकात होतं. दर वेळी मसणवट्यातून उठताना ज्यांचं बळ वाढत गेलं होतं, त्या जाधवांत.

तिरोडकरांनी जाधवांना उचललं. दुसऱ्या हातात ‘अखेरचा सौदा’. जाधव आपला एक दात दाखवून फाटकाशी उभे होते.

मागून सरोजिनीबाईंना काय चाललंय ते नीट कळत नव्हतं, पण नवरा हातात काहीतरी धरून बसलाय एवढं दिसत होतं. त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “टाकून द्या हो एकदाचं!”

तिरोडकरांनी मान हलवली. “नाही जमत,” ते म्हणाले आणि जाधवांना परत जागेवर ठेवलं. मितेशच्या ड्रॅगनने आग ओकली. दुसरा नंबर. आलोशियसने त्यांना एक पेन्सिलबॉक्स दिला.

विरारला उतरून दोघं अर्नाळ्याच्या शेअर रिक्षात बसली. रिक्षा बोळिंजवरूनच जाते. तिरोडकरांच्या मांडीवर श्रीखंडाचा डबा, बाईंच्या मांडीवर सुकट.

“हातात काय होतं शेवटी?” बाईंनी विचारलं.

“एकाला कायमचं टाकलं असतं, तर जिंकलो असतो.”

“कोणाला?”

“जाधवांना.”

“जाधव म्हणजे? आपले? पिशवी घेऊन आले होते ते?”

तिरोडकरांनी मान डोलावली. बाई बाहेर बघत राहिल्या. बोळिंजचा नाका आला तशा त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, “थांबव रे इथे.”

“अगं, अर्नाळा?”

“उतरा.”

तिरोडकर उतरले, पण माणूस शब्दाचा पक्का. “पैज ती पैज,” ते रस्त्यात उभे राहून म्हणाले. “आणि पूजा केलेल्याचं तर विसर्जन करतातच.”

“पूजा मांत्रिकांची केली, दिव्यांची केली. या मढ्यांना मी हॉलमध्ये लावलं ते पूजेचं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “दारात आलेल्या बाईला लावते तसं लावलं. तिला काय कुंकू लावून अर्नाळ्याला नेऊन बुडवते मी? चला आता, सुकट वास मारतेय.”

घरी आल्यावर तिरोडकरांनी डबा देवघराशेजारी ठेवला. थोडा वेळ स्वयंपाकघरात उभे राहिले. मग वाकले, ओट्याखालून तो लग्नातला मिक्सर भांड्यांसकट ओढून काढला, छातीशी धरला आणि जिना उतरून खाली गेले. सरोजिनीबाई खिडकीतून बघत होत्या. नाक्यावरच्या भंगारवाल्याच्या गाडीत त्यांनी मिक्सर ठेवला, एकदा त्याच्यावरून हात फिरवला आणि मागे न बघता परत आले. रिकाम्या हाताने.

“अहो, काय केलंत हे?” बाईंनी दारातच विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांना हसूही येत होतं.

“जाधवांच्या बदल्यात,” तिरोडकर म्हणाले, आणि हात धुवायला मोरीत गेले.